फॉर्म पाचव्या पायरीला उसवतो

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तो आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तू तो घेशील की परत पाठवशील याचा भरवसा नाही. तुझे गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखायचा, अजून तोच दुखतो की आता डाव्यानेही मनावर घेतलं? रक्तदाबाची सकाळची गोळी सकाळीच घेतेस ना, की अजून ती दुपारच्या चहाला आठवते? जावई, लेक, नातवंडं सगळी मजेत असतील. इकडे मी उत्तम आहे. माझी काळजी करू नकोस (करत नसशीलच, पण पत्रात लिहायची पद्धत आहे). दोन वर्षं आपल्यात बोलणं नाही आणि आज अचानक पत्र आलं, म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. तर आधीच सांगून ठेवते, मला तुझ्याकडून काहीही नको आहे. सहज आठवण आली, घरात आखीव कागद पडले होते, म्हणून लिहायला बसले. ओळी कुठे एकमेकींवर चढल्या असतील तर तो कागदाचा दोष.

डोळ्यांचं म्हणशील तर तसं विशेष काही नाही. मोतीबिंदू आहे, एवढंच. दोन्हीकडे आहे, त्यातला उजवीकडचा चांगला पिकलाय. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी पहिली ओळ घडाघडा वाचली, दुसरी वाचली, तिसरीला त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, बाई, तक्ता इकडे आहे, तुम्ही कॅलेंडरकडे बघताय. (कॅलेंडरवरही काहीतरी लिहिलेलं होतंच, त्यामुळे मी अगदीच चुकले असं नाही.) मग विचारलं, काम काय करता. म्हटलं, शिवणकाम, चाळीस वर्षं झाली. सुईत दोरा कसा ओवता? म्हटलं, अंदाजाने. यावर ते माझ्या बोटाची पट्टी सोडून बघू लागले. मागच्या महिन्यात मशीनची सुई नखातून आरपार गेली होती, ते मी तुला सांगणार नव्हते, पण आता लिहून गेले. तर त्यांनी ऑपरेशन होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असं बजावलंय. ऑपरेशन सोपं असतं, वीस मिनिटांचं, त्याच दिवशी घरी सोडतात. फक्त नोंदणी हॉस्पिटलच्या वेबसाईटवरूनच करायची. या महिन्याच्या आत फॉर्म पोचला तर पुढच्या महिन्यातली तारीख मिळते, नाहीतर रांग थेट सहा महिन्यांवर जाते. सहा महिने मशीनवर कापड टाकून मी काय करत बसू, ते काही त्यांनी सांगितलं नाही. शिवणाशिवाय मला दुसरं काही येत नाही. तुला माहीत आहे, तूच मला तेवढंच शिकवलंस.

आता हा फॉर्म. त्याला सात पायऱ्या आहेत. पहिलीवर नाव, वय वगैरे. दुसरीवर पत्ता. तिसरीवर आजार. चौथीवर कागदपत्रांचे फोटो. पाचवीवर सोबत कोण येणार. सहावी आणि सातवी कशाची आहे हे मला अजून माहीतच नाही, कारण तिथवर मी कधी पोचलेच नाही. प्रत्येक पायरीच्या शेवटी ‘जतन करा आणि पुढे जा’ असं बटण. ते दाबलं की हिरवी खूण येते आणि ‘माहिती जतन झाली’ असं लिहून येतं. आपल्याला वाटतं, झालं. पण दुसऱ्या दिवशी फॉर्म उघडावा तर पाटी कोरी. नाव नाही, गाव नाही, काही नाही. जणू मी या जगात आलेच नव्हते. पहिले दोन दिवस मी माझ्या फोनवरच भरत होते. अक्षरं मुंगीएवढी, त्यातही फिकट राखाडी रंगाची. तिसऱ्या पायरीवर एक प्रश्न आहे, ‘आपल्याला बारीक अक्षरे वाचण्यास त्रास होतो का?’ आणि तो प्रश्न या सगळ्यांत बारीक अक्षरात. मी तो भिंगाने वाचून ‘हो’वर बोट ठेवेपर्यंत वर लाल पट्टी आली की तुमची वेळ संपली आहे, कृपया पुन्हा सुरुवात करा. एका पायरीला पंधरा मिनिटं देतात. ज्याला पंधरा मिनिटांत हा फॉर्म भरता येईल त्याचे डोळे ठणठणीत असणार, मग तो बिचारा फॉर्म कशाला भरेल, हा विचार कोणी केलेला दिसत नाही.

म्हणून मी शेजारच्या मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, गाडी शिकवायचे. तू गेल्यानंतर ते वरच्या मजल्यावर राहायला आले, त्यामुळे तुला माहीत नाहीत. पस्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि आता निवृत्त झालेत, पण बसायची सवय अजून तीच. कोणीही काहीही करत असलं तरी ते डाव्या बाजूला बसतात आणि पाय जमिनीवर दाबत राहतात. त्यांच्याकडे मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आहे. मी म्हटलं, तुम्ही भरा, मी सांगते. तर नाही. म्हणाले, शिकणाऱ्यानेच चालवायचं. मला खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला, आणि सुरू झाले. सावकाश. घाई नाही. आता उजवीकडे. दाबा. हळू दाबा, आपटू नका. समोर बघा, हाताकडे बघू नका. माझ्या डोळ्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पडद्यावरची अक्षरं इतकी मोठी करून दिली की माझ्या नावाचं एकेक अक्षर गोदडीएवढं दिसायला लागलं. मला फार बरं वाटलं. (हे मोठं करणं लक्षात ठेव, पुढे त्याचं काम आहे.)

फॉर्म उघडायच्या आधीच आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतं. नऊ फोटो दाखवतात आणि म्हणतात, यांतले सिग्नल असलेले निवडा. हे मास्तरांचं घरचं मैदान. त्यांनी चार फोटो निवडले. चूक. पुन्हा नऊ आले. पुन्हा चूक. झालं काय, की मास्तरांच्या मते सिग्नलचा खांब हाही सिग्नलच असतो, कारण खांबाला धडकलं तरी दंड होतोच. कॉम्प्युटरला ते मान्य नव्हतं. मास्तर त्याच्याशी पाऊण तास भांडले. पस्तीस वर्षं ज्यांनी हजारो लोकांना सिग्नल ओळखायला शिकवलं त्या माणसाला एक यंत्र, तुम्ही माणूस आहात का, असं चार वेळा विचारतंय, हे बघून मला त्यांची कीव आली. शेवटी मी म्हटलं, खांब सोडून द्या. मग दार उघडलं. मास्तर त्या दिवशी पुढे फारसं बोलले नाहीत, आणि नेमकी तेव्हाच मी चार पायऱ्या विनाअडथळा चढले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळं पुसलेलं. मग मात्र मी मापाची वही काढली. तू म्हणायचीस ना, उसवलेलं कापड बघून रडत बसू नये, कुठला टाका आधी सुटला ते शोधावं. मी तेच केलं. एका पानावर सात रकाने आखले आणि प्रत्येक पायरीला काय लिहिलं, कुठलं बटण दाबलं, किती वाजता, आणि मास्तर तेव्हा काय करत होते, ते सगळं मोठ्या अक्षरात मांडलं. तीन वेळा भरल्यावर गोम सापडली, आणि ती मास्तरांच्याच बाजूला. पुढे निघण्याआधी मागे बघायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नियम. त्यामुळे मी पुढच्या पायरीवर गेले की ते हळूच हात घालून वरच्या कोपऱ्यातला मागे जायचा बाण दाबायचे, मागचं पान जागेवर आहे ना ते बघायचे, समाधानाने मान हलवायचे आणि पुन्हा पुढे यायचे. त्या बाणाने मागचं सगळं धुऊन जात होतं. मी हे त्यांना वहीतून दाखवलं. त्यांनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, आरसा न बघता मी कोणालाही पुढे जाऊ देणार नाही. शेवटी असं ठरलं की फॉर्म चालू असताना त्यांनी दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायचं. बसले बिचारे. माणूस चांगला आहे.

आता वाटलं, सुटले. चार पायऱ्या व्यवस्थित टिकल्या. पाचवी भरली. ‘जतन करा’ दाबलं. हिरवी खूण आली. पण सहावी पायरी काही येईना. आम्ही समोर बघत बसलो. चहा झाला. मास्तरांनी हात मांडीखालून काढून पुन्हा ठेवले. आणि दहा मिनिटांनी पान आपोआप हललं, पहिली पायरी समोर आली, सगळे रकाने रिकामे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाचव्या पायरीला आलं की सगळंच्या सगळं उसवतं, तेही बरोबर दहा मिनिटांनी. मास्तरांचं मत पडलं की यंत्र तापतंय, म्हणून त्यांनी खिडकी उघडली आणि कॉम्प्युटरचं तोंड वाऱ्याकडे केलं. मग मत पडलं की मी काहीतरी खोटं लिहीत असणार आणि हॉस्पिटलवाल्यांकडे ते पकडलं जात असणार. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी वयाच्या रकान्यातले अठ्ठावन्न खोडून त्रेसष्ट केले. (अठ्ठावन्न हे सवयीने लिहिलं होतं, त्यात फसवायचा हेतू नव्हता.) तरी उसवलं. धंद्याच्या रकान्यात शिवणकाम मिळालं नव्हतं म्हणून मी ‘निवृत्त’ निवडलं होतं, तेही खोटंच की, म्हणून ते बदलून ‘व्यापार’ केलं. तरी उसवलं. असं एकूण अकरा वेळा. अकरा वेळा मी माझं नाव, आईचं नाव, घर नंबर, उजवा डोळा, डावा डोळा लिहिलं. आता मला झोपेत विचारलं तरी मी पिनकोड सांगेन.

आणि एवढं उसवलं की माणसाला जुनं आठवायला लागतं. मला तो कोट आठवला. विषय निघालाच आहे तर माझी बाजू एकदा नीट लिहून ठेवते, त्या दिवशी तू बोलू दिलं नव्हतंस. मुख्याध्यापिकाबाईंचा राखाडी कोट. कापड दोन्ही बाजूंनी एकसारखं, उलटं कुठलं सुलटं कुठलं कळणार नाही असं. कापलं तू, शिवलं मी. बाई घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही बाह्या डाव्या. त्यांनी उजवा हात पुढे करावा तर बाहीचं कोपर मागे जाई, बाई एकाच वेळी येताहेत आणि जाताहेत असं दिसत होतं. मला हसू आलं, ते चुकलं, कबूल. पण तू बाईंच्या देखत म्हणालीस, हिला आता दिसत नाही, बाह्या मीच लावायला हव्या होत्या. ताई, तीस वर्षं एका दुकानात आपण समोरासमोर मशीन लावून बसलो. घरात सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं (भांडून ऐकलं असतं, पण ऐकलं असतं). गिऱ्हाइकासमोर? मग मीही म्हणाले की उलट्या बाजूला खडूची फुली करायचं काम कापणाऱ्याचं, तू फुलीच केली नाहीस. तू म्हणालीस केली होती. मी म्हटलं नव्हती. तू नवी बाही कापून स्वतः लावलीस, कोट दिलास, कात्री पिशवीत टाकलीस आणि आठवड्याभरात लेकीकडे राहायला गेलीस. ती उसवलेली बाही मी टाकली नाही. पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहे. माझं म्हणणं दोन वर्षं तेच आहे. फुली नव्हती. असती तर मला दिसली असती.

असो. मास्तर आणि मी दोघेही थकल्यावर शेवटी हॉस्पिटलच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तासभर बासरी ऐकवल्यावर एक बाई बोलल्या. आवाज गोड, आणि मुख्य म्हणजे घाई नाही. त्यांनी विचारलं, पाचव्या पायरीच्या खाली एक चौकट आली आहे, ती दिसतेय का? म्हटलं, चौकट वगैरे काही नाही. त्या म्हणाल्या, असणारच. आम्ही वर बघितलं, खाली बघितलं, मास्तर टेबलाखालीही बघून आले. मग त्या बाईंनी विचारलं, अक्षरं मोठी केली आहेत का? तर तीच ती गंमत. माझ्यासाठी मास्तरांनी अक्षरं गोदडीएवढी केली होती ना, त्यामुळे खालची चौकट पडद्याच्या बाहेर, पार तळाला गेली होती. पान लहान केलं, खाली सरकवलं, आणि मास्तरांना ती दिसली. फिकट राखाडी, बोटाएवढी. आत लिहिलेलं, ‘सोबत येणाऱ्या व्यक्तीच्या मोबाईलवर आलेला सहा आकडी कोड दहा मिनिटांत येथे भरा.’

म्हणजे भानगड अशी. ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी असते, माणसाला एकटं सोडत नाहीत, कोणीतरी हात धरून घरी न्यायला लागतं. कोणीही कोणाचंही नाव ठोकून देतं आणि त्या दिवशी कोणी येतच नाही, असं बऱ्याचदा झालं म्हणे. म्हणून आता ज्याचं नाव लिहाल त्याच्या फोनवर कोड जातो, आणि तो कोड त्याच्याकडून विचारून भरला तरच फॉर्म खरा जतन होतो. तोपर्यंतच्या त्या हिरव्या खुणा म्हणजे नुसता धावदोरा, कापड जागेवर राहावं म्हणून घातलेला. दहा मिनिटांत पक्की शिलाई पडली नाही की ते तो ओढून काढतात. मी त्या बाईंना म्हटलं, मग ‘जतन झाली’ असं लिहिता कशाला? त्या म्हणाल्या, तुमची सूचना मी पुढे कळवते. एवढा सगळा घोळ एका चौकटीचा. आम्ही वेंधळ्यासारखे आठवडाभर यंत्राला वारा घालत होतो.

तर असा हा फॉर्म. तुला वाचून करमणूक होईल म्हणून कळवलं, बाकी काही नाही. पाऊसपाणी ठीक. जिन्याचा दिवा अजून तसाच चालू-बंद होतो. तुझ्या मशीनला महिन्यातून एकदा तेल घालते, वापरत नाही. सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग, आणि तुझ्या तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता.क. गेल्या आठवड्यात तुझ्या फोनवर एका हॉस्पिटलच्या नावाने अकरा वेळा सहा आकडी कोड आला असेल. तू घाबरली असशील. तुझ्या लेकीने तुला, कोड आला तर कोणालाही सांगायचा नाही, असं दहादा पढवलं असेल, आणि बरोबरच आहे ते. पण ते कोड चोराचे नव्हते, माझे होते. पाचव्या पायरीवर मी तुझं नाव आणि तुझा नंबर लिहिला आहे. नात्याच्या यादीत पती, मुलगा, मुलगी, आई, वडील एवढेच आहेत, बहीण नाहीच, त्यामुळे तुला ‘इतर’मध्ये टाकावं लागलं. अकराही वेळा मला ते बरं वाटलं नाही. (दोन वर्षांपूर्वी वाटलं असतं.)

ता.क. २. पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं म्हणशील. केला होता. तीनदा तू उचलला नाहीस. चौथ्यांदा उचललास तेव्हा मीच ठेवला, कारण तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि पुढे काय बोलायचं ते मी वहीत लिहिलं नव्हतं.

ता.क. ३. वर लिहायचं राहिलं. त्या मदतवाल्या बाईंनी सांगितलं की एवढी अडचण असेल तर दुसऱ्या कोणाचाही नंबर टाका, शेजाऱ्यांचा चालतो. मास्तर शेजारीच बसले होते, त्यांनी ताबडतोब फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला. आढेवेढे न घेता. त्यांचा नंबर टाकला असता तर दोन मिनिटांत सातही पायऱ्या झाल्या असत्या, आज माझ्या हातात तारीख असती आणि तुला हे पत्र वाचायचा त्रास पडला नसता. मी नको म्हटलं. मास्तरांना वाईट वाटलं असेल. पण गाडी शिकवणारा माणूस मला हात धरून घरी आणणार म्हणजे प्रत्येक वळणावर आधी मागे बघणार. शिवाय डोळ्यावर पट्टी असताना धरायला मला हात ओळखीचा लागतो. दुसरं काही कारण नाही. आहे, पण ते मी लिहिणार नाही.

ता.क. ४. लिहिते. मास्तरांना मी कोटाची गोष्ट सांगितली होती, म्हणजे माझी बाजू. ते म्हणाले, अपघातात दोघंही आपलं खरं म्हणतात, आधी गाडी बघू. मी मोठ्या तोऱ्यात कपाटातून ती बाही आणली. त्यांच्याकडे कागदांचे फोटो काढायचं यंत्र आहे, माझे रिपोर्ट त्याच्यावरच काढले होते, त्या काचेवर त्यांनी बाही पसरली आणि पडद्यावर मोठी केली. निळ्या खडूची फुली, ताई. खांद्यापासून चार बोटं खाली, तू नेहमी करायचीस तिथेच, तुझ्या पद्धतीची, एक रेघ लांब आणि एक आखूड. पुसट झाली आहे, पण आहे. आणि ती बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे मी बाही उलटी लावली. मास्तरांना ती दोन हातांवरून दिसली. मला पडद्यावर ताटाएवढी केल्यावर दिसली. तेव्हाच दिसत नव्हतं मला. तू खरं बोलली होतीस, फक्त चुकीच्या माणसासमोर बोललीस. मी मात्र तुला खोटं पाडलं, आणि दोन वर्षं पाडत राहिले. माझं चुकलं. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायचं होतं, पण ते पहिल्या ओळीत बसेना.

ता.क. ५. मुदत येत्या शुक्रवारी संपते. पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. गुरुवारी सकाळी बरोबर अकरा वाजता मी मास्तरांकडे बसून बाराव्यांदा फॉर्म भरीन. मास्तर हात मांडीखाली ठेवतील, पान मी लहानच ठेवीन. तुझ्या फोनवर कोड येईल आणि लगेच माझा फोन येईल. तो उचल. लेकीला आधी हे पत्र दाखव, म्हणजे ती ओरडणार नाही. हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष यायचं की नाही ते नंतर बघू, तुझे गुडघे आहेत, बसचा प्रवास आहे, मी काही आग्रह करत नाही (खिडकीजवळचा पलंग रिकामा केला आहे, जिना नको म्हणून). आत्ता फक्त कोड. सहा आकडे असतात, वाचायला दोन सेकंद लागतात. ते सांगून झाले की तू फोन ठेवलास तरी चालेल.

ठेवू नकोस.